रेल्वेच्या सागवानी डब्याचं कॅनव्हासचं छप्पर दर पावसाळ्यात का गळतं? पाणी शिरायची खरी जागा आणि टिकाऊ दुरुस्ती

तक्रार सगळीकडे एकच असते. लाकडी डबा रंगरंगोटी करून शेडबाहेर येतो आणि पहिला पावसाळा कोरडा जातो. दुसऱ्या वर्षी आतल्या छताला तपकिरी डाग पडतो. कुणीतरी वर चढून डागाच्या बरोबर वर ठिगळ मारतं. पुढच्या वर्षी गळती दोन हात पलीकडे दिसते, तिथेही ठिगळ बसतं. चार-पाच वर्षांत छपराची गोधडी होते आणि डबा गळतच राहतो.

गळती जागा बदलत नसते. पाणी शिरायचं भोक बहुतेक वेळा पहिल्या दिवशी होतं तिथेच असतं, बदलते ती आतली वाट. म्हणून आधी भोक शोधायचं, मग ते का पडलं हे पाहायचं आणि शेवटी हातात ब्रश घ्यायचा. हा क्रम उलटला की काम दर वर्षी नव्याने करावं लागतं.

हे सगळं लाकडी छपरावर कॅनव्हास ताणलेल्या डब्यांबद्दल आहे. ब्रिटनमधल्या हेरिटेज रेल्वेंवर, म्हणजे वारसा म्हणून जपून चालवल्या जाणाऱ्या जुन्या मार्गांवर, असे डबे मोठ्या संख्येने आहेत. सेव्हर्न व्हॅली रेल्वेवर चालणारे जुन्या एलएनईआर (लंडन अँड नॉर्थ ईस्टर्न रेल्वे) कंपनीचे, तिचे मुख्य अभियंते ग्रेस्ली यांच्या पद्धतीचे सागवानी डबे हे त्यातलं ठळक उदाहरण. आपल्याकडचे जुने लाकडी डबे त्याच कारागिरीच्या परंपरेतले, त्यामुळे संग्रहालयात उघड्यावर उभ्या असलेल्या डब्यांनाही यातलं बरंचसं लागू पडतं. फरक पावसाचा: तिकडे वर्षभर भुरभुर, इकडे चार महिने धो धो आणि मग सात-आठ महिने लाकूड तडकवणारं ऊन. हा कोरड्या-ओल्याचा हेलकावा कॅनव्हासला सततच्या भुरभुरीपेक्षा जास्त छळतो.

छपरात काय काय असतं

दोन्ही बाजूंच्या भिंतींच्या वरच्या तुळईवर, म्हणजे कँटरेलवर, साधारण दीड-दोन फुटांच्या अंतराने लाकडी कमानी बसवलेल्या असतात. कमानींवर डब्याच्या लांबीत फळ्या जातात. त्या बहुधा पाइनच्या, १६ ते २२ मिलिमीटर जाडीच्या आणि एकीची जीभ दुसरीच्या खाचेत बसणाऱ्या असतात. त्यावर शिशाचा सफेदा आणि बेलतेल (उकळलेलं जवसाचं तेल) यांच्या जाड थरात बसवलेला सुती कॅनव्हास आणि कॅनव्हासवर तेली रंगाचे तीन-चार हात. कडेला कॅनव्हास खाली वळवून तांब्याच्या चुकांनी (बारीक खिळ्यांनी) ठोकलेला असतो आणि त्यावर लाकडी मोल्डिंगची पट्टी, काही डब्यांना पन्हळसुद्धा.

सफेद्याचा थर नुसता चिकटवायला नसतो. बेलतेलातला सफेदा वर्षानुवर्षं थोडा मऊ राहतो, त्यामुळे खाली फळ्या हलल्या तरी वरच्या कापडाला ओढ बसत नाही. आणि फळ्या हलतातच. पाइनची १०० मिलिमीटर रुंद फळी तिच्यातला ओलावा ६ टक्क्यांनी बदलला तर सुमारे दीड मिलिमीटर रुंदीत फुगते किंवा आकसते. छपरावर अशा पंचवीसेक फळ्या शेजारी शेजारी असतात. याच कारणाने इपॉक्सीने कॅनव्हास फळीला घट्ट चिकटवला की पहिल्याच उन्हाळ्यात तो सांध्यावर सरळ रेषेत फाटतो. थर जितका कडक, तितकी फाट लवकर.

आधी ठरवा: गळतं आहे की घाम येतो आहे?

रात्री आकाश निरभ्र, पाऊस नाही आणि तरी सकाळी छताला आतून बारीक थेंब असतील, तेही सगळीकडे सारखे, तर ती गळती नाही. खिडक्या आणि व्हेंटिलेटर बंद ठेवलेल्या डब्यात आतली दमट हवा थंड छपराला लागून पाणी सुटतं. खात्रीसाठी संशयाच्या जागी फूटभर चौरस पारदर्शक प्लास्टिक चारही कडांनी टेप लावून आतून चिकटवा आणि दोन दिवस ठेवा. प्लास्टिकच्या डब्याकडच्या बाजूला दव आलं तर घाम, छताकडच्या बाजूला ओल आली तर गळती. घामावर उपाय हवा खेळती ठेवण्याचा. छप्पर उघडायचं कारण नाही.

गळती कधी दिसते, याची वेळ लिहून ठेवली तर निम्मं निदान बसल्या जागी होतं. पाऊस सुरू झाल्यावर दोन-चार मिनिटांतच थेंब पडला तर भोक थेट आहे, म्हणजे व्हेंटिलेटर किंवा जुन्या दिव्याची जागा. अर्ध्या तासाने सुरू होऊन पाऊस थांबल्यावरही तासभर ठिबकत राहिलं तर पन्हळ तुंबली आहे किंवा कॅनव्हासखाली पाणी साठलं आहे. फक्त वाऱ्याच्या तिरक्या पावसात पाणी येत असेल तर छपराला दोष देण्याआधी दाराच्या आणि खिडकीच्या वरच्या सांध्यांकडे पाहा. उन्हाळ्यानंतरच्या पहिल्या दोन-तीन सरींत गळून मग आपोआप बंद होत असेल तर फळ्या आकसून रंगाला चिरा गेल्या आहेत. लाकूड फुगलं की चिरा तात्पुरत्या मिटतात. हा प्रकार सर्वांत फसवा, कारण ऐन श्रावणात तपासायला गेलं तर काहीच सापडत नाही.

आणखी एक खूण. डबा एका सायडिंगमधून (डबे उभे करायच्या बाजूच्या रुळांवरून) दुसऱ्यात हलवल्यावर गळतीची जागा बदलली, तर रुळांचा उतार तपासा. कॅनव्हासखाली शिरलेलं पाणी फळीच्या खाचेतून लांबीत वाहतं, कमानीला अडतं, कमानीच्या कडेने खाली येतं आणि आतल्या छताच्या तक्त्याला जिथे पहिला सांधा किंवा दिव्याचा स्क्रू मिळेल तिथे बाहेर पडतं. भोक आणि डाग यांच्यात दोन मीटरचं अंतर असणं नेहमीचंच.

नळीची चाचणी

सुरुवातीलाच एक गोष्ट: वर विजेची तार असेल तर छपरावर चढू नका आणि नळी वापरू नका. २५ केव्हीच्या तारेजवळ पाण्याची धार म्हणजे मृत्यूला आमंत्रण. डबा तार नसलेल्या मार्गावर आणा. डब्यातल्या दिव्यांच्या बॅटरीची जोडणी सोडवा. बाजूला मचाण लावा. छपरावर जावंच लागलं तर खाली फोम लावलेली फळी कमानींवर आडवी टाकून तिच्यावरूनच सरका. दोन कमानींच्या मधे पाय ठेवला तर फळ्यांच्या जिभा मोडतात आणि नवी गळती तयार होते.

आतल्या छताचे संशयित भागातले तक्ते उतरवा. उघड्या पडलेल्या फळ्यांवर आणि कमानींवर आतून खडू घासा. पाण्याची रेघ आली की खडू लगेच काळपट होतो आणि बॅटरीच्या उजेडात वाट स्पष्ट दिसते. आत एक माणूस, बाहेर एक, दोघांची घड्याळं जुळवलेली.

पाणी खालून वर चढवत न्यायचं. वरून सुरुवात केली तर सगळंच भिजतं आणि काहीच कळत नाही. आधी दार-खिडक्यांच्या वरच्या कडा, मग पन्हळ भरून ठेवून, मग कडेच्या मोल्डिंगची वरची रेघ, मग एकेक व्हेंटिलेटर आणि शेवटी छपराचा मोकळा भाग. प्रत्येक टप्प्याला १० ते १५ मिनिटं साधी वाहती धार आणि पुढच्या टप्प्याआधी २० मिनिटं थांबा. व्हेंटिलेटरवर पाणी सोडताना धार त्याच्या बुडाभोवती धरा, टोपीवर नको. प्रेशर जेट वापरू नका. तो पावसाने कधी शिरलं नसतं तिथेही पाणी घुसवतो आणि रंगाचे पापुद्रे उचलतो.

दोन व्हेंटिलेटर जवळजवळ असतील आणि कुठलं गळतंय हे ठरत नसेल तर एकाच्या बुडाशी कपड्यांच्या निळीचं पाणी टाका. लाकडाला डाग पडतो, म्हणून हे फक्त झाकल्या जाणाऱ्या भागातच करा.

सोबत ओलावा मोजायचं पिनांचं मीटर फिरवा. निरोगी छपराच्या फळ्या १२ ते १५ टक्के दाखवतात. २० टक्क्यांच्या वर सतत राहिलं की कुजायला सुरुवात होते. मीटरचे आकडे छताच्या आराखड्यावर लिहिले की सर्वांत ओली जागा डागापासून किती लांब आहे ते दिसतं. दुरुस्ती तिथे.

कारणं, जिथे बहुधा सापडतात त्या क्रमाने

कड. सर्वांत जास्त गळती छपराच्या मधे नसून कडेच्या मोल्डिंगखाली असते. कॅनव्हास मोल्डिंगच्या कडेला बरोबर कापलेला असतो, कापलेल्या धाग्यांची टोकं उघडी राहतात आणि वातीसारखं पाणी आत ओढतात. त्यात मोल्डिंगचे लोखंडी स्क्रू गंजून भोकं मोठी झालेली. आतून पाहिलं तर कँटरेलचा वरचा पृष्ठभाग काळा पडलेला दिसतो. पटाशीचं टोक लावून पाहा: ५ मिलिमीटरपेक्षा खोल सहज शिरलं तर कुजकं लाकूड काढून सागाचा तुकडा जोडावाच लागेल. नुसतं नवं कॅनव्हास ताणलं तर चुकांना धरायला लाकूडच उरलेलं नसतं.

पन्हळ असलेल्या डब्यांत तिचा उतारही पाहा. झाडाखाली उभ्या डब्याच्या पन्हळीत पानं आणि काजळी मिळून घट्ट चिखल होतो, पाणी मागे चढतं आणि मोल्डिंगच्या वरून आत शिरतं. बादलीभर पाणी एका टोकाला ओतून ते दुसऱ्या टोकाला कधी पोचतं ते बघा. मधेच थांबलं तर प्रश्न पन्हळीचा नाही, डब्याचा आहे. त्याबद्दल थोडं पुढे.

व्हेंटिलेटर आणि दिव्यांच्या जागा. छपरावरचा टॉर्पेडोच्या आकाराचा व्हेंटिलेटर लाकडी ठोकळ्यावर बसतो आणि ठोकळ्याखाली लांबी (पुटी) किंवा सफेदा भरलेला असतो. तो वाळून भुसभुशीत झाला की गाडीच्या हादऱ्यांनी व्हेंटिलेटर स्क्रूवर डुलू लागतो. हाताने हलवून पाहा. जरासाही हलला तर तोच गुन्हेगार धरा. गॅसच्या दिव्यांच्या जुन्या जागा पुढे विजेचे दिवे आल्यावर पत्रा ठोकून बंद केलेल्या असतात. त्या पत्र्याच्या वरच्या कडेला पाणी अडतं. तिथे नुसता रंग चढवत बसू नका, पत्रा काढून फळी बसवा.

खिळ्यांची डोकी. कॅनव्हासवर आडव्या ओळीत, कमानींच्या अंतराने, नाण्याएवढे गंजाचे ठिपके दिसत असतील तर फळ्यांचे लोखंडी खिळे वर आले आहेत आणि आतून कापड टोचत आहेत. कमानी ओकच्या असतील तर हे आणखी लवकर होतं, कारण ओकमधलं टॅनिन ओलाव्यात लोखंड खातं. त्यावर ठिगळ मारलं तर खिळा ठिगळही फोडतो. खिळा पंचाने ३ मिलिमीटर खाली दाबा, शेजारी पितळी किंवा स्टेनलेसचा स्क्रू घाला, खळगा लांबीने भरा.

लांबीतली सरळ चीर. डब्याच्या लांबीत, दोरी मारल्यासारखी सरळ चीर म्हणजे खाली फळ्यांचा सांधा आहे. एखादी जीभ मोडून दोन फळ्या वरखाली झाल्या असतील तर तिथे हात फिरवल्यावर पायरी लागते. पायरी रंध्याने मोडल्याशिवाय वर काही टिकत नाही.

आणि डांबर. गळती थांबवायची घाई झाली की बिट्युमेनचा हात मारायची जुनी सवय. ऊन लागलं की ते मऊ होऊन उतारावर सरकतं, थंडीत मगरीच्या पाठीसारखं तडकतं आणि तेली रंग लावला तर तपकिरी डाग वर येतात. मुख्य तोटा वेगळाच: वरून पाणी चिरांतून आत जातं आणि बाहेर यायला वाट राहत नाही. डांबराखालच्या फळ्या वरून ठणठणीत दिसून आतून स्पंजासारख्या निघतात. डांबर मारलेल्या छपरावर कोणतीही आंशिक दुरुस्ती टिकत नाही, ते पूर्ण उतरवायलाच हवं.

डब्याला झोळ. दोन टोकांच्या कँटरेलला दोरी ताणून बांधा आणि मधे किती अंतर पडतं ते मोजा. मधली दारं अडकत असतील, पन्हळीत पाणी मधेच साठत असेल आणि दोरीपासून मध्यभाग खाली असेल तर अंडरफ्रेम (डब्याचा खालचा सांगाडा) वाकली आहे, तिला खालून ताणून धरणारे ट्रस रॉड ढिले आहेत. छपराचं काम आधी केलं आणि ट्रस रॉड नंतर ताणले तर नवं कॅनव्हास कडेला सुरकुत्या धरतं किंवा चुका उपटतं. आधी अंडरफ्रेम सरळ करा, दोन-तीन आठवडे डबा स्थिरावू द्या, मग छपराकडे वळा.

टोकाचे सांधे, जिथे कॅनव्हास डब्याच्या तोंडावर खाली वळतो, तिथेही फट पडते. दुरुस्ती कडेसारखीच, वेगळं काही नाही.

ठिगळ कधी चालतं

फांदी लागून फाटलं, निखाऱ्याने भोक पडलं, आणि खालची फळी कोरडी व पक्की असेल तर ठिगळ रास्त आहे. भोकाभोवती चारही बाजूंना ७५ मिलिमीटर रंग कापडापर्यंत उतरवा. ठिगळाचे कोपरे गोल कापा, चौकोनी कोपरा सर्वांत आधी उचलतो. जाड तेली रंगात बसवा, मधून कडेकडे हवा काढा, वर तीन हात द्या. वरच्या बाजूची कड जुन्या रंगाशी सपाट मिळाली पाहिजे, नाहीतर तिथे पाणी अडतं.

सिलिकॉन वापरू नका. त्यावर रंग धरत नाही, दोन उन्हाळ्यांत कडा सुटतात आणि ते काढल्यावर राहिलेल्या अंशावर पुढचं काहीही चिकटत नाही. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन तर तांब्या-पितळेलाही खातं. एम-सीलसारख्या इपॉक्सी लुकणांचा दोष वर सांगितलाच: लाकूड हलतं, ते हलत नाही.

पूर्ण छप्पर नव्याने घालताना

जुन्या रंगात आणि थरात शिसं आहे असंच गृहीत धरा. कोरडं घासू नका, बर्नर लावू नका. ओलं करून खरवडा, पी३ दर्जाचा मास्क वापरा, खरवड बंद पिशवीत भरून घातक कचरा म्हणूनच द्या, कामाचे कपडे घरी नेऊ नका. आतले तक्ते किंवा नळ्यांभोवतीचं आवरण ॲस्बेस्टॉसचं असू शकतं. शंका आली तर तुकडा न तोडता तज्ज्ञाकडून आधी तपासून घ्या.

हवामान निवडा. महाराष्ट्रात हे काम नोव्हेंबर ते फेब्रुवारीत, ब्रिटनमध्ये मे ते सप्टेंबरमध्ये, तेही छपराखाली. डबा आधी तीन-चार आठवडे शेडमध्ये सुकू द्या आणि फळ्या १६ टक्क्यांच्या खाली आल्याशिवाय कापड घालू नका. ओल्या फळ्यांवर घातलेलं कापड म्हणजे पाणी आत कोंडणं.

साडेसोळा मीटर लांब आणि छपराच्या वळणावर पावणेतीन मीटर रुंद अशा ५४ फुटी डब्याचा हिशोब असा. क्षेत्रफळ सुमारे ४५ चौरस मीटर. सुती डक कॅनव्हास, दर चौरस मीटरला ५०० ग्रॅमच्या आसपास वजनाचा, ज्याला १० नंबर म्हणतात तो. १७ मीटर लांब आणि किमान ३ मीटर रुंद असा अखंड तुकडा. अखंड मिळाला तर सांधा टळतो, त्यासाठी जास्त पैसे मोजणं योग्य. बसवायचा थर अर्धा ते पाऊण मिलिमीटर धरला तर २३ ते ३४ लिटर. रंगाचा पहिला हात कापड पितं, त्याला ८ लिटर धरा, पुढच्या प्रत्येक हाताला ४.

थरासाठी सफेदा आता वापरू नये. भारतात घरगुती आणि सजावटीच्या रंगांत शिशाची मर्यादा १ नोव्हेंबर २०१७ पासून ९० पीपीएम (दहा लाखांत ९० भाग) आहे आणि ब्रिटनमध्येही शिशाच्या रंगावर कडक बंधनं आहेत. तेली अंडरकोटमध्ये बेलतेल आणि चॉक पावडर घालून श्रीखंडापेक्षा जरा सैल असं मिश्रण करा. काम सफेद्याच्या जवळपास होतं. ते वाळायला जास्त दिवस घेतं, आणि तेच आपल्याला हवं आहे.

व्हेंटिलेटर, मोल्डिंग उतरवताना प्रत्येकावर नंबर टाका. प्रत्येक डब्याचं वळण थोडं वेगळं असतं आणि एकीकडचं मोल्डिंग दुसरीकडे बसत नाही. न हलणाऱ्या स्क्रूच्या डोक्यावर जाड सोल्डरिंग आयर्न एक-दोन मिनिटं धरलं की बरेच सुटतात. कुजकी तेवढीच फळी बदला, कमानीला जोड द्यायचा तर लांब तिरका द्या, जाडीच्या किमान आठपट. नव्या फळ्यांत सांध्याला मिलिमीटर-दीड मिलिमीटर जागा सोडा. सगळं छप्पर रंध्याने एकसंध करा, कडांची धार ३ ते ५ मिलिमीटर गोल मारा, कारण तीक्ष्ण कडेवर कापड आधी फाटतं. फळ्यांना प्रायमरचे दोन हात द्या, नाहीतर कोरडं लाकूड थरातलं सगळं तेल पिऊन टाकेल.

कॅनव्हास आधी कोरडाच छपरावर टाकून मध्यरेषा जुळवा, मग दोन्ही टोकांकडून मधल्या भागाकडे गुंडाळत आणा. मधला मीटरभर पट्टा मिश्रण लावून उलगडा, रबरी पट्टीने मधून कडेकडे दाबत हवा आणि जादा मिश्रण बाहेर काढा. दोन माणसांनी समोरासमोर रुंद तोंडाच्या पकडीने ओढून धरायचं, तिसऱ्याने चुका मारायच्या, दर २५ मिलिमीटरला एक, तांब्याचीच. एका बाजूला चार तर दुसऱ्या बाजूला चार, असं टोकांकडे सरकत जा. एकीकडची सगळी कड आधी ठोकली तर दुसरीकडे तिरप्या सुरकुत्या येतात आणि त्या काढायला सगळं उपटावं लागतं.

कडेला कापड मोल्डिंगच्या रेषेखाली ४० ते ५० मिलिमीटर उतरू द्या. पहिला रंग वाळेपर्यंत कापू नका. मग मोल्डिंगच्या खालच्या कडेच्या आत दोन-तीन मिलिमीटर कापा आणि कापलेल्या धाग्यांना ब्रशने भरपूर रंग पाजा. वातीचा प्रश्न इथेच संपतो. मोल्डिंग न वाळणाऱ्या मॅस्टिकवर (फट बुजवणाऱ्या मऊ लुकणावर) बसवा. जुन्या भोकांत सागाच्या खुंट्या ठोका, नवे स्क्रू दोन जुन्या भोकांच्या मधे, दर १५० मिलिमीटरला.

व्हेंटिलेटरच्या जागी कापड भोकाच्या मापाने कापून टाकू नका. आधी फुली मारा, पाकळ्या भोकात खाली वळवून आतून चुका मारा. व्हेंटिलेटरच्या बुडाखाली चारही बाजूंना अखंड कापड राहिलं पाहिजे. त्यावर मॅस्टिक, मग ठोकळा, मग पितळी स्क्रू. स्क्रू एकदम न आवळता समोरासमोरचे थोडे थोडे आवळा, मॅस्टिक सगळीकडून सारखं बाहेर आलं की थांबा.

रंगाचा पहिला हात दोन-तीन दिवसांनी, टर्पेंटाइन घालून थोडा पातळ, ब्रशने विणीत घोळवून. रोलर नको, तो वरच्यावर फिरतो. पुढचे दोन-तीन हात प्रत्येक थर पूर्ण वाळल्यावर. शेवटचा हात पांढरा दिला तर छप्पर कमी तापतं आणि फळ्या कमी हलतात. ब्रिटिश कंपन्यांची पांढरी छपरं काही महिन्यांत काळवंडायची, त्यात काजळी होतीच, शिवाय कोळशाच्या धुरातला गंधक सफेद्यातल्या शिशाशी मिळून काळा सल्फाइड बनायचा. आजच्या रंगात तो त्रास नाही.

बेलतेल पुसलेल्या चिंध्यांबद्दल शेडमधल्या प्रत्येकाला, नव्या स्वयंसेवकाला तर पहिल्याच दिवशी, सांगून ठेवा. ढीग करून टाकल्या तर तेल हवेशी मिळताना तापतं आणि चिंध्या आपोआप पेटतात. लाकडी डब्याच्या शेडमध्ये याहून वाईट काही नाही. पाणी भरलेल्या झाकणाच्या डब्यातच टाका.

रबरी पडदा लावावा का?

बारमाही उघड्यावर राहणाऱ्या, गर्दीच्या दिवशी चालवल्या जाणाऱ्या डब्यासाठी ईपीडीएम रबराचा पडदा हा प्रामाणिक पर्याय आहे. कडा आणि व्हेंटिलेटर वरच्याच पद्धतीने केले तर तो बरीच वर्षं त्रास देत नाही. पण ईपीडीएमला खनिज तेल सोसत नाही, ते फुगतं. वाफेच्या इंजिनाच्या धुराड्यातून सिलिंडरच्या तेलाचे कण बाहेर पडतात, त्यामुळे इंजिनालगतच्या डब्यावर तो लावू नये. फायबरग्लासचा थर मात्र लाकडी छपरावर नकोच, तो इपॉक्सीसारखाच सांध्यांवर तडकतो आणि काढताना फळ्या घेऊन येतो. मूळ स्वरूप जपायचं असलेल्या डब्याला कॅनव्हासच घाला.

काम सुरू व्हायला वेळ असेल तर ताडपत्री टाका, पण छपराला चिकटवून नाही. खाली घाम साचतो आणि गळतीपेक्षा जास्त नुकसान होतं. बांबूच्या किंवा लाकडी चौकटीवर १५० ते २०० मिलिमीटर वर उचलून बांधा, दोन्ही टोकं हवेला मोकळी.

त्यानंतर वर्षातून दोनदा, मृग लागायच्या आधी आणि पावसाळा संपल्यावर, पन्हळ साफ करा, व्हेंटिलेटर हलवून पाहा, कडेच्या रेघेवर केसाएवढी चीर दिसली तरी लगेच रंग भरा. साधारण चार-पाच वर्षांनी सगळ्या छपराला एक हात. नव्या छपराच्या पहिल्या उन्हाळ्यात मोल्डिंगखालून पिवळसर तेलाचे थेंब ओघळताना दिसतात. ती गळती नाही, थरातलं जादा बेलतेल बाहेर पडतं आहे. टर्पेंटाइनच्या फडक्याने पुसा, मोल्डिंग उघडू नका, आणि ते फडकं पाण्याच्या डब्यात टाका.